माया शिल्पांतला चेंडूचा खेळ कसा वाचावा

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर चिचेन इत्झा येथे एक प्रचंड प्राचीन क्रीडांगण आहे. ते माया लोकांचे, म्हणजे दक्षिण मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंतच्या प्रदेशातल्या एका प्राचीन संस्कृतीच्या लोकांचे. दोन समांतर भिंती, त्यांच्यामध्ये लांबच लांब मोकळी पट्टी आणि दोन्ही टोकांना आडवी पसरलेली अंगणे अशी त्याची रचना असून सगळ्या बांधकामासह त्याची लांबी १६८ मीटर आणि रुंदी ७० मीटर भरते. भिंतींच्या पायथ्याशी तिरप्या अंगाचा एक कट्टा आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन असे सहा शिल्पपट कोरलेले आहेत. प्रत्येक पटात सात-सात खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर उभे आहेत. मधोमध एक मोठा चेंडू असून त्या चेंडूत मानवी कवटी दिसते. चेंडूच्या एका बाजूचा खेळाडू एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात तोडलेले मस्तक धरून उभा आहे; दुसऱ्या बाजूला, ज्याचे ते मस्तक आहे, तो खेळाडू गुडघा टेकून बसला आहे आणि त्याच्या मानेतून सात धारा उसळत आहेत. शिल्पकाराने त्यांतल्या सहा धारांचे साप केले आहेत आणि सातवीची फुलांनी लगडलेली वेल.

हा पट पाहून प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की मस्तक कोणाचे तोडले, जिंकलेल्याचे की हरलेल्याचे? तेथील वाटाडे अनेकदा ठामपणे सांगतात, की जिंकलेल्या संघनायकाचा बळी दिला जाई आणि तो त्याचा सन्मान समजला जाई. ही गोष्ट ऐकायला चमत्कारिक वाटते म्हणूनच ती फार पसरली आहे, परंतु तिला आधार देणारा एकही माया शिलालेख उपलब्ध नाही. माझ्या मते मुळात प्रश्नच चुकीच्या जागी उभा राहून विचारला जातो. तो विचारताना आपण गृहीत धरतो, की शिल्पकाराने एखाद्या सामन्याचा शेवट जसा पाहिला तसा दगडात उतरवला. माया शिल्पे ओळीने पाहत गेले, तर हे गृहीतक टिकत नाही. ही शिल्पे राजांनी आणि राजघराण्यांनी घडवून घेतलेली आहेत, आणि त्यांत चेंडूचा खेळ येतो तो युद्धातल्या विजयाबद्दल, पूर्वजांबद्दल आणि सृष्टीच्या आरंभाच्या कथांबद्दल काही सांगण्यासाठी. गुणफलक त्यांचा विषय नव्हता.

हे नीट कळण्यासाठी आधी प्रत्यक्ष खेळाची थोडी ओळख हवी. हा खेळ एकट्या माया लोकांचा नव्हता, आणि त्यांच्यापासून तो सुरूही झाला नाही. मेक्सिकोच्या आखाताजवळ एल मानाती येथील पाणथळ जागेत इ.स.पू. १६००च्या सुमाराचे रबरी चेंडू सापडले आहेत, आणि चियापास राज्यातील पासो दे ला आमादा येथे जवळपास त्याच काळातले, आजवर मिळालेल्यांत सर्वांत जुन्या क्रीडांगणांपैकी एक उजेडात आले आहे. माया संस्कृतीचा ज्याला अभिजात काळ म्हणतात तो साधारण इ.स. २५० ते ९०० असा आहे. म्हणजे आपण ज्या शिल्पांबद्दल बोलत आहोत ती घडली तेव्हा खेळ दोन हजार वर्षांहून जुना होता. मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत आजवर दीड हजारांच्या आसपास क्रीडांगणे सापडली आहेत, आणि बहुतेक मोठ्या माया नगरांत राजवाड्याजवळ किंवा मुख्य मंदिराजवळ एक तरी क्रीडांगण असतेच.

चेंडू भरीव रबराचा असे. कास्तिया नावाच्या झाडाचा चीक नुसता वाळवला, तर तो ठिसूळ होतो. परंतु रात्री पांढरी फुले उमलणाऱ्या एका वेलीचा रस त्यात मिसळला की तो लवचीक आणि उसळणारा बनतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी १९९९ साली या मिश्रणाचे रसायनशास्त्र उलगडून दाखवले. चार्ल्स गुडइयरने गंधकाच्या साह्याने रबर टिकाऊ करण्याची रीत एकोणिसाव्या शतकात शोधली, तिच्या हजारो वर्षे आधी हे लोक वेगळ्या वाटेने तशाच परिणामापर्यंत पोहोचले होते. असा भरीव चेंडू तीन-चार किलो वजनाचा असू शकतो. तो हाताने किंवा पायाने मारायचा नसून मुख्यतः नितंबाने आणि कमरेने टोलवायचा असे. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात उलामा या नावाने हा खेळ आजही खेळला जातो, आणि तेथील खेळाडूंच्या कमरेवरचे जाड चामडी पट्टे पाहिले, की माया शिल्पांतल्या खेळाडूंच्या कमरेभोवती ती बोजड गुंडाळी का असते ते लगेच कळते.

माया लोकांचे नियम मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेले नाहीत. पुस्तकांत जे नियम दिलेले असतात, म्हणजे चेंडू दगडी कड्यातून पार गेला की सामना तेथेच संपतो वगैरे, ते सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी मध्य मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांविषयी लिहून ठेवलेले आहेत. अशी कडी माया प्रदेशात उशिरा दिसू लागतात. चिचेन इत्झाच्या भिंतींवर सुमारे सहा मीटर उंचीवर पिसांचे नाग कोरलेली दोन कडी आहेत, पण होंडुरासमधल्या कोपान या माया नगराच्या आठव्या शतकातल्या क्रीडांगणात तशी कडी नाहीत, तेथे पक्ष्यांची दगडी डोकी आहेत. त्यामुळे अझ्टेकांचे नियम उचलून आठशे वर्षे आधीच्या माया शिल्पांवर चिकटवणे धोक्याचे आहे, हे वाचकाने पहिल्यापासून ध्यानात ठेवावे.

आता शिल्पांकडे वळू. ती कोठे कोरलेली असतात, यावर त्यांचा अर्थ बराच अवलंबून असतो. काही गोल चकत्या क्रीडांगणाच्या पट्टीत, जमिनीशी समतल बसवलेल्या असत. बहुधा तीन, एक मध्यभागी आणि दोन टोकांना. काही शिल्पे कट्ट्यांवर असतात, काही भिंतीतून बाहेर आलेली असतात. याशिवाय एक प्रकार असा आहे, की ज्याचा क्रीडांगणाशी जागेचा काही संबंधच नाही: मंदिराच्या पायऱ्यांवर कोरलेले खेळाडू. दगडही ठिकाणानुसार बदलतो. युकातान आणि उसुमासिंता नदीच्या खोऱ्यात चुनखडी, टोनिना येथे वाळूचा दगड, तर कोपानला ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हिरवट दगड. धातूची हत्यारे नसताना गारगोटीसारख्या कठीण दगडांच्या छिन्न्यांनी हे काम होई, आणि आज राखाडी दिसणारी ही शिल्पे मुळात भडक रंगांनी, विशेषतः लाल रंगाने रंगवलेली असत. लाकडावरही कोरीवकाम होत असे. चिचेन इत्झाच्या क्रीडांगणाच्या भिंतीवर उभ्या असलेल्या मंदिरातली कोरीव तुळई चिकूच्या लाकडाची आहे. घोलवड-डहाणूच्या बागांत आपण ज्या चिकूला आपलाच समजतो, तो मूळचा याच प्रदेशातला, आणि त्याचे लाकूड किती टिकाऊ असते याचा हजार वर्षांचा पुरावा तेथे छताखाली उभा आहे.

शिल्पातला खेळाडू ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे कमरेभोवतीचे ते जाड संरक्षक कडे. बरोबरीने एका गुडघ्याला बांधलेली गादी आणि हातावरचे वेष्टन असते, आणि पवित्रा बहुधा एक गुडघा जमिनीला टेकलेला. इथवर सारे व्यवहारातले आहे. पण त्याच खेळाडूच्या डोक्यावर पिसांचा, पशूंच्या मुखवट्यांचा किंवा देवांच्या चेहऱ्यांचा इतका उंच मुकुट असतो, की तो घालून धावणेसुद्धा कठीण, मग जमिनीवर लोळण घेऊन चेंडू अडवणे तर दूरच. चेंडूचेही तसेच. अनेक शिल्पांत तो खेळाडूच्या धडाएवढा, कधी त्याहून मोठा आहे. एक मीटर व्यासाचा भरीव रबरी चेंडू खरोखर बनवला, तर त्याचे वजन ५०० किलोच्या घरात जाईल, आणि असा चेंडू कमरेने टोलवणारा माणूस जन्माला यायचा आहे. काही चेंडूंवर नऊ, बारा, तेरा किंवा चौदा हा आकडा आणि त्याच्यापुढे ‘वीत’ या अर्थाचे चिन्ह कोरलेले असते. हे चेंडूच्या घेराचे माप असावे असे एक मत आहे. पण नऊ विती घेराचा भरीव चेंडूही निदान ७०-८० किलोंचा होईल, म्हणून हे मत सर्वांना मान्य नाही. मला एवढेच दिसते, की शिल्पकाराला चेंडू ठळक करायचा होता, कारण त्या चेंडूत त्याला आणखी काही दाखवायचे होते.

काय दाखवायचे होते, हे कळायला लिपी वाचता यायला हवी होती, आणि ती अर्ध्या शतकापूर्वीपर्यंत फारशी वाचता येत नव्हती. माया लिपीत शब्दचिन्हे आणि अक्षरचिन्हे एकत्र वापरली जातात, हे सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव यांनी १९५२ साली मांडले. त्याआधी शिलालेखांत केवळ ग्रहतारे आणि कालगणना आहे, असा विद्वानांचा समज होता. १९६० साली तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी पिएद्रास नेग्रास या माया नगरातील शिलालेखांच्या तारखांचे गट लावून दाखवले, की त्या तारखा राजांच्या जन्माच्या, राज्यारोहणाच्या आणि मृत्यूच्या आहेत. त्यानंतर शिल्पांतली माणसे नावानिशी समोर येऊ लागली. माया कालगणना दिवसांची सलग मोजणी करते. वीस दिवसांचा एक गट, तसे अठरा गट मिळून ३६० दिवसांचे वर्ष, अशा वीस वर्षांचा पुढचा गट आणि त्या वीस गटांचा त्याहून मोठा गट, जो आपल्या सुमारे ३९४ वर्षांइतका भरतो. मोजणीचा आरंभबिंदू इ.स.पू. ३११४ सालच्या ऑगस्टमध्ये पडतो. या सोयीमुळे एखाद्या शिल्पातली घटना आपण सालातच नव्हे, तर जवळपास नेमक्या दिवसात बसवू शकतो, आणि भारतीय शिलालेखांवर काम करणाऱ्या कोणालाही याचा हेवा वाटावा.

या सगळ्या साधनांचा एकत्र उपयोग करून वाचता येईल असे सर्वोत्तम उदाहरण याश्चिलान येथे आहे. उसुमासिंता नदीच्या वळणावर, आजच्या मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या सीमेवर वसलेल्या या नगरात एका उंच मंदिरासमोर तेरा कोरीव शिलाखंडांची एक पायरी आहे. मधला सातवा खंड सर्वांत रुंद आणि सर्वांत महत्त्वाचा. त्यावर चौथा याशून बाह्लाम, ज्याला इंग्रजी पुस्तकांत ‘पक्षी-जग्वार’ म्हणतात, तो राजा खेळाडूच्या वेशात गुडघा टेकून उभा ठाकला आहे. त्याच्यासमोर एक जिना आहे आणि त्या जिन्यावरून एक मोठा चेंडू उसळत खाली येत आहे. चेंडूच्या आत एक माणूस आहे: हातपाय बांधलेला, पाठीतून उलटा वाकवलेला, डोके खाली. तो लाकामतून नावाच्या ठिकाणाहून पकडून आणलेला बंदी आहे, असे लेख सांगतो. मागे दोन बुटके सेवक उभे असून त्यांच्या अंगावर ताऱ्याची चिन्हे आहेत.

लेखातली तारीख ७४४ सालच्या ऑक्टोबरमध्ये पडते. आणि येथे इतिहास उपयोगी येतो, कारण ७४४ साली हा माणूस राजा नव्हता. त्याचे वडील, दीर्घकाळ राज्य केलेले तिसरे इत्झाम्नाज बाह्लाम, ७४२ साली वारले आणि याशून बाह्लाम गादीवर आला तो ७५२ साली. मधली दहा वर्षे काय चालले होते याविषयी याश्चिलानचे शिलालेख जवळजवळ मौन पाळतात. तो पट्टराणीचा मुलगा नव्हता. त्याची आई दूरच्या कालाकमुल नगराकडून आलेली दुसरी राणी होती. म्हणजे वारसाहक्काचा प्रश्न उभा असणार. गादी मिळाल्यावर त्याने नगरभर शिल्पांची जी रीघ लावली, तिच्यामागे हे कारण असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ती शिल्पे पाहता मलाही ते पटते. पायरीवर त्याच्या शेजारच्या खंडांवर त्याचे वडील आणि आजोबाही हाच खेळ खेळताना दाखवले आहेत. आजोबा, वडील आणि मधोमध आपण, तेही राजा होण्याच्या आठ वर्षे आधीच्या तारखेला राजाला शोभेल असे कृत्य करताना! ज्याच्या हक्काविषयी कोणाला शंकाच नाही, त्याला एवढी मांडामांड करावी लागत नाही.

पण त्या शिलाखंडाची महत्त्वाकांक्षा याहून मोठी आहे. लेखाची सुरुवात अतिप्राचीन काळी झालेल्या तीन शिरच्छेदांच्या वर्णनाने होते. तीन पौराणिक व्यक्तींची मस्तके वेगवेगळ्या वेळी तोडली गेली, आणि तिसऱ्या घटनेनंतर लेख सरळ राजाच्या खेळावर येतो. इतकेच करून शिल्पकार थांबत नाही. माया शिलालेखांत साधारणपणे ३९४ वर्षांच्या गटापासून खाली पाच आकडे देतात. येथे त्याच्याही वर, प्रत्येक वेळी वीसपट वाढत जाणारे आणखी आठ आकडे कोरले आहेत आणि ते आठही तेरा आहेत. ही मोजणी शब्दशः घेतली, तर निघणारी वर्षे आजच्या विज्ञानाने ठरवलेल्या विश्वाच्या वयापेक्षा हजारो पटींनी जास्त होतात. एका बंद्याचा अंत आणि एका राजपुत्राचा दावा यांना एवढ्या अफाट काळाच्या पार्श्वभूमीवर ठेवण्याचे प्रयोजन उघड आहे: सृष्टीच्या आरंभी जे घडले तेच हा माणूस पुन्हा घडवत आहे, असे पाहणाऱ्याला सांगायचे आहे. बंद्याला खरोखर गुंडाळून जिन्यावरून लोटले होते का? काही अभ्यासक तसे मानतात, काहींना तो केवळ दृश्य अलंकार वाटतो. चेंडूत बसवलेला माणूस, जिन्यावरून उसळणे आणि मागचे तारांकित बुटके हे सारे एकाच चौकटीत पाहिल्यावर मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो, तरी बंदी मारला गेला असण्याची शक्यता त्याने कमी होत नाही.

बंद्यांचा आणि क्रीडांगणाचा संबंध टोनिना येथे जास्त उघडपणे दिसतो. चियापासमधल्या या डोंगरी नगराच्या राजाने, किनिच बाकनाल चाक याने, पालेंके नगराच्या राजाशी लढून त्याच्या मांडलिकांना पकडले आणि ६९९ साली आपले क्रीडांगण बांधून पूर्ण केले. त्याच्या बाजूंना बांधलेल्या बंद्यांची धडे दगडात घडवून बाहेर काढलेली होती. म्हणजे खेळ पाहायला आलेला प्रत्येक जण पराभूतांच्या रांगेमधून खेळ पाहत असे. मात्र त्याच टोनिनाच्या एका दुसऱ्या पटावर, ज्याची तारीख ७२७ सालची आहे, मोठ्या चेंडूच्या दोन बाजूंना टोनिना आणि कालाकमुल या दोन नगरांचे राजे खेळाडू म्हणून दाखवले आहेत, आणि त्यांत कोणी बंदी नाही, कोणाचे मस्तक तोडलेले नाही. दोन दरबारांमधल्या सलोख्याची ती नोंद दिसते. खेळ दिसला की बळी आलाच, असे समीकरण मांडणाऱ्याने हा पट अवश्य पाहावा. ‘चेंडू खेळणारा’ ही माया राजांची एक पदवीसुद्धा होती, आणि ती मिरवणारे राजे साहजिकच मस्तक गमावण्यासाठी मैदानात उतरत नव्हते.

बेलीझमधल्या काराकोल येथे तर क्रीडांगणाच्या मधल्या गोल शिळेवर खेळाचे चित्रच महत्त्वाचे ठरत नाही. १९८६ साली सापडलेल्या त्या शिळेवरचा लेख ५६२ सालच्या, बलाढ्य टिकाल नगराच्या पराभवाशी जोडलेल्या युद्धाची हकिकत देतो. युद्धाची नोंद लिहिण्यासाठी क्रीडांगणाचा मध्यबिंदू निवडला गेला, यातच पुरेसे आले.

यानंतर कथेकडे यावे लागते. ग्वाटेमालाच्या उंच प्रदेशातले कीचे माया लोक सोळाव्या शतकाच्या मध्यावर आपली पुराणकथा रोमन अक्षरांत लिहून ठेवत होते. फ्रान्सिस्को शिमेनेस या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी चिचिकास्तेनांगो येथे तिची नक्कल केली आणि तीच प्रत आज उपलब्ध आहे. पोपोल वूह या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात हुन हुनाह्पू आणि त्याचा भाऊ इतक्या दणक्यात चेंडू खेळतात, की खाली अधोलोकात, शिबाल्बात, मृत्यूचे देव वैतागतात. ते दोघांना खाली बोलावतात, कसोट्यांत फसवतात आणि मारतात. हुन हुनाह्पूचे मस्तक एका झाडाला टांगले जाते आणि ते झाड फळांनी भरून जाते. त्या झाडाशी आलेल्या शिबाल्बाच्या एका कन्येच्या तळहातावर मस्तक थुंकते आणि तिला दिवस जातात. तिचे जुळे मुलगे, हुनाह्पू आणि श्बालांके, मोठे होऊन बापाचेच खेळाचे साहित्य शोधून काढतात आणि त्याच बोलावण्यावरून खाली जातात. तेथे एका रात्री वटवाघूळ हुनाह्पूचे मस्तक उडवते आणि देव ते मस्तक चेंडू म्हणून खेळायला घेतात. श्बालांके भावाच्या धडावर भोपळ्याचे डोके बसवून वेळ मारून नेतो, सशाच्या साह्याने देवांना भुलवून खरे मस्तक परत मिळवतो आणि अखेरीस दोघे भाऊ शिबाल्बाच्या देवांचा पाडाव करतात.

या कथेशी चेंडूतली कवटी, तोडलेली मस्तके, मानेतून उगवणारी वेल हे सारे इतके जुळते, की एक अडचण सहज नजरेआड होते. ही प्रत लिहिली गेली तेव्हा चिचेन इत्झाचे पट घडून सहा-सातशे वर्षे आणि कोपानची पहिली शिल्पे घडून हजार वर्षे उलटली होती. मधल्या काळात कथा किती बदलली असेल? या शंकेला कोपानचेच एक शिल्प उत्तर देते. होंडुरासमधल्या या नगराच्या सर्वांत जुन्या क्रीडांगणावर, पाचव्या शतकाच्या आसपास, एक भव्य पक्षी घडवलेला होता आणि त्या पक्ष्याने माणसाचा तोडलेला हात धरून ठेवलेला होता. पोपोल वूहमध्ये गर्विष्ठ मकाव पक्षी वुकुब काकिश हुनाह्पूचा हात उपटून घेऊन जातो. एवढा विशिष्ट तपशील योगायोगाने जुळत नाही. तेव्हा कथेचा गाभा तरी हजार वर्षांहून जुना आहे, आणि तो क्रीडांगणाशी पहिल्यापासून बांधलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच जागी पुढे आणखी क्रीडांगणे बांधली गेली. मधल्या टप्प्यातल्या क्रीडांगणाच्या जमिनीत तीन गोल शिल्पचकत्या होत्या. प्रत्येकीची चौकट चार पाकळ्यांची आहे, आणि माया चित्रभाषेत ही चौकट गुहेचे तोंड, म्हणजेच खालच्या लोकाचे दार दाखवते. पट्टीत उभ्या असलेल्या माणसाने खाली पाहिले, तर त्याला जमिनीतल्या खिडकीतून अधोलोकातला सामना दिसावा, अशी ही योजना आहे. मधल्या चकतीवर समोरासमोर दोन खेळाडू आहेत. एक शिबाल्बाचा देव आहे, यावर मतभेद नाहीत; दुसऱ्याला कोणी हुनाह्पू म्हणतात, तर कोणी कोपानचा तेरावा राजा वाशाक्लाजून उबाह काविल. मला हा वाद शिल्पकाराला आवडला असता असे वाटते, कारण राजा आणि पुराणातला जुळा यांच्यातली सीमा पुसणे हेच तर त्याचे काम होते. याच राजाने ७३८ सालच्या जानेवारीत त्या जागेवरचे शेवटचे, आज उभे असलेले, मकाव पक्ष्यांच्या डोक्यांचे क्रीडांगण पूर्ण केले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत त्याचाच मांडलिक, किरिग्वाचा राजा, त्याच्यावर उलटला, आणि किरिग्वाचे शिलालेख मोठ्या अभिमानाने सांगतात, की त्यांनी कोपानच्या राजाचे मस्तक उडवले. हा शिरच्छेद चेंडूच्या सामन्यात झाला असे कोणताही लेख म्हणत नाही. तो युद्धाचा परिणाम होता.

आता चिचेन इत्झाच्या त्या गुडघा टेकलेल्या खेळाडूविषयी काय म्हणता येईल? त्या पटांवर याश्चिलानसारखा नावे आणि तारखा देणारा लेख नाही, म्हणून मरणारा कोण हे सांगता येत नाही. दोन्ही संघांचा वेश इतका सारखा आहे, की त्यावरून जेते आणि जित वेगळे काढणेही अवघड. क्रीडांगणाला लागूनच कवट्यांच्या ओळी कोरलेला एक लांब चौथरा आहे, त्यामुळे शिरच्छेद आणि कवट्यांचे प्रदर्शन या नगरात अपरिचित नव्हते हे निश्चित. मानवबळीचा प्रत्यक्ष पुरावाही येथे आहे: पवित्र विहिरीजवळच्या एका भूमिगत टाकीत १९६७ साली मुलांचे सांगाडे मिळाले होते, आणि त्यांतल्या ६४ जणांच्या डीएनएची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. ते सर्व मुलगे होते, आणि त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या होत्या. जुळ्यांची निवड पाहून संशोधकांना पोपोल वूहमधल्या भावांची आठवण झाली यात नवल नाही. पण ही मुले होती, खेळाडू नव्हेत. आणि मैदानावरच्या सामन्याच्या निकालाशी त्यांचा काही संबंध दिसत नाही. म्हणून नगरात बळी दिले जात आणि नगरात चेंडू खेळला जाई, ही दोन्ही विधाने खरी असली, तरी त्यांना जोडून प्रत्येक सामन्याच्या शेवटी एक मस्तक पडे असे तिसरे विधान आपोआप सिद्ध होत नाही. पटाचा आशय शोधायचा तर तो साप आणि वेलीत शोधावा. मरणातून उगवणे हा हुन हुनाह्पूच्या झाडाचा विषय येथे मोठ्या क्रीडांगणाच्या दोन्ही अंगांना सहा वेळा मांडलेला आहे.

इतके वाचता येते ते शिल्प जागेवर असले तरच, आणि अनेक शिल्पे जागेवर नाहीत. १९६०च्या दशकात ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील जंगलातून खेळाडूंच्या आणि दरबाराच्या सुंदर पटांची चोरी होऊन ते पाश्चात्त्य संग्रहांत पोहोचले. वाहतूक सोपी व्हावी म्हणून चोर जाड शिळेचा पृष्ठभाग कापून पातळ फळी करून नेत. लेखांत एकाच नगराचे नाव वारंवार येत होते, पण ते नगर कोठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून अभ्यासक त्याला नुसते ‘स्थळ क्यू’ म्हणत राहिले. १९९७ साली ला कोरोना नावाच्या अवशेषांपर्यंत काही अभ्यासक पोहोचले तेव्हा तेच ते ठिकाण असावे असा अंदाज बांधला गेला, आणि २००५ साली तेथेच जमिनीत मिळालेल्या एका पटाने तो पक्का झाला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये खेळाडूंचा एक देखणा पट आहे आणि तो याच परिसरातला असावा असे मानतात. तो मैदानात होता, पायरीवर होता की राजवाड्याच्या भिंतीत, हे मात्र त्याच्याकडे कितीही वेळ पाहून कळणार नाही.

याच्या उलट घडलेले उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २०२३ साली चिचेन इत्झाच्या कासा कोलोरादा या वास्तुसमूहात उत्खनन चालू असताना लिझबेथ मेंदिकुती पेरेस या पुरातत्त्वज्ञाला ३२ सेंटिमीटरांहून किंचित मोठ्या व्यासाची आणि ४० किलो वजनाची गोल शिळा पालथी पडलेली मिळाली. उलटून पाहिल्यावर तीवर दोन खेळाडू उभे असलेले दिसले: एकाच्या शिरावर पिसांचा मुकुट आणि कमरपट्ट्यावर कमळासारखे फूल, दुसऱ्याच्या शिरावर नागाच्या घाटाचे वेष्टन. त्यांच्यामध्ये चेंडू आणि भोवती कडेने फिरणारा लेख. चिचेन इत्झात असा जवळजवळ अखंड लेख फार क्वचित मिळतो, आणि त्यातली तारीख ८९४च्या आसपासची लागते. शिळा ज्या थरात आणि ज्या अवस्थेत पडली होती त्यावरून ती वास्तूच्या प्रवेशकमानीला लावलेली असावी आणि कमान कोसळताना खाली आली असावी, असे उत्खननकर्त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे त्या वास्तूत येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारावरच हे दोन खेळाडू दिसत होते.